फोन आईच घ्यायची

आईबाबा वळ गावात राहायचे आणि मी लग्न होऊन काल्हेरला. अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण मधे कंटेनरची रांग लागली की परदेश बरा. म्हणून रोज सकाळी मी फोन करायचे. फोन आईच घ्यायची. बाबांचा जन्म भिवंडीत लूम चालवण्यात गेला आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच नेले होते. कारखान्यात माणसं ओठ बघून, हातवारे करून बोलतात. आमच्या घरातही तेच चालायचं.

"कशी आहेस?"

"बरी हाय."

"आणि बाबा?"

"त्यांना काय धाड भरलीय!"

एवढं ऐकलं की माझा दिवस सुरू व्हायचा. तिचा आवाज जरा बसलेला वाटला तरी मी उलटतपासणी घ्यायचे आणि ती माझ्यावर उखडायची.

बाबा पाठमोरे असले की आई पाय आपटायची, नाहीतर भिंतीवर थाप मारायची. हादरा कळला की ते वळायचे. पण गावाभोवती गोदामं उठली, दारावरून दिवसभर कंटेनर जायला लागले आणि घरच थरथरायला लागलं. सुरुवातीला बाबा दर गाडीला वळून बघायचे. आईला हसू आवरायचं नाही. मग त्यांनी वळून बघणं सोडलं.

त्या दिवशी फोन नुसता वाजत राहिला. देवळात गप्पा हाणत बसली असेल म्हणून मी आधी चरफडले. परत लावला, तरी उचलेना. तेव्हा त्यांच्या शेजारच्या वहिनीला फोन करून घरी धाडलं. आई मोरीत पडली होती, खुबा मोडला होता. भिंतीच्या पलीकडे ओटीवर बाबा त्याच भिंतीला टेकून चहाची वाट बघत बसले होते.

दवाखान्यात आईनं मला जवळ ओढलं. "बाय, मी तांब्यानं भिंतीला लय ठोकला. पन त्यांना सांगू नको. जिवाला लावून घेतील."

ऑपरेशन नीट झालं, पण नंतर छातीत कफ भरला आणि आई घरी आलीच नाही. मला फार राग येतो. कुणावर काढायचा, ते अजून कळत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी ओटीवर बाबांजवळ बसले. ते आपल्याच तंद्रीत मोठ्यानं म्हणाले, "त्या दिवशी भिंत हादरत व्हती. मना वाटला, कंटेनर चाललेत." मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "ती व्हती का गं?"

"नाही हो बाबा. गाड्याच होत्या."

माझं बोलणं संपलं तरी ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग उठून ओटीच्या कडेला जाऊन बसले. त्या भिंतीला ते पुन्हा टेकले नाहीत.