लेबलं काढलेले डबे

मेमधल्या बँक हॉलिडेच्या लांब वीकेंडला मी इतकी एक्साइटेड होते की मेडनहेडच्या घरून निघतानाच आईला म्हटलं, पप्पा बोटीवर येणारच, बघ तू! त्यांची किमो संपून तीन आठवडे झाले होते. दरवर्षी आम्ही तिघं आमच्या छोट्याशा यॉटवरून आयल ऑफ वाइट बेटावर जातो आणि सामान नेहमी पप्पाच भरतात. ह्या वेळी म्हणाले, "मी बसून सांगतो, तू भर."

बोट बांधतात त्या तरंगत्या धक्क्यावर ते फोल्डिंगच्या खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसले. मी सुसाट सुटले. त्यांचा नियम असा की टिनच्या डब्यांची कागदी लेबलं आधी काढायची, कारण बोटीच्या तळाशी पाणी साचलं की ती सुटतात आणि पंपात अडकतात. मग झाकणावर मार्करने नाव लिहायचं. मी घाईत सगळी लेबलं सोलली आणि लिहायचंच राहिलं! वीसेक डबे, सगळे सेम.

"पप्पा, मी माती खाल्ली."

"आण इकडे, येडे." त्यांनी डबा कानाशी धरून हलवला. "छोले. लिही. हे पातळ वाजतंय, टोमॅटो. हा पीच."

आई केबिनमधून ओरडली, "अहो, अंदाजपंचे सांगू नका! मागच्या वर्षी राजमा म्हणून पीच फोडणीला टाकले होतेत!"

पप्पा हसले. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना. आठवा डबा त्यांनी न हलवताच खाली ठेवला.

"चला ना आत, मी धरते," मी म्हटलं. ते उठले. डेकवर एक पाऊल टाकलं, बोट जराशी हलली, आणि त्यांनी माझा दंड इतका घट्ट पकडला की मला दुखलं. पाऊल मागे घेतलं. खुर्चीत बसले.

"दोघींपुरतंच भर," म्हणाले. "पाणीपण."

"मग आम्हीपण नाही जात."

"जायचं. बोट चालवता यायला पाहिजे तुला आता."

आई केबिनमधून वर आलीच नाही.

त्यांच्यासाठी घेतलेलं सगळं मी परत ट्रॉलीत टाकलं. सूप, मऊ भाताची पाकिटं, आल्याची बिस्किटं. कार पार्ककडे ढकलत निघाले तर मागून हाक आली, "बिस्किटं राहू दे गं. लाटांत तुला मळमळतं."