मामा, मामी आणि ग्रीकांचा यम

ग्रीस देशाबद्दल आमच्या मामेसासऱ्यांइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस साऱ्या नाशकात दुसरा नव्हता, आणि ते स्वतः सायखेड्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. सायखेड्यालाही गेले ते सासुरवाडी तिथली म्हणून. हे माझ्या नवऱ्याचे मामा. धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. भांड्यांच्या बाजारात एका ओट्यावर छिन्नी आणि बोटाएवढी हातोडी घेऊन बसायचे, आणि लग्नाच्या हंड्या-घागरींवर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवायचे. तरुणपणी शरणपूरकडच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याने त्यांना घरची भांडी नावं घालायला दिली होती. दोन दिवसांचं काम दोन महिने चाललं, कारण पाद्री शेजारी खुर्ची टाकून एका जाड पुस्तकातून ग्रीकांच्या देवांच्या गोष्टी मोडक्या मराठीत सांगायचा आणि मामा हातोडी खाली ठेवून ऐकायचे. त्या सगळ्या गोष्टी त्यांना पाठ झाल्या. पाद्री पुढे विलायतेला गेला आणि ग्रीकांचं पुराण नाशकात मामांच्या एकट्याच्या ताब्यात राहिलं.

मामांचा नियम एकच. पितळेवर घातलेलं अक्षर बदलता येत नाही, तसं गोष्टीतलंही बदलायचं नाही. एकदा एक बाई तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "नाव चुकलं हो, सुनेचं नाव लग्नात बदललं आमच्यात." मामांनी तांब्या परत तिच्या हातात ठेवला. "सून बदला नाहीतर तांब्या बदला. अक्षर बदलणार नाही." ती बाई बाजारभर त्यांच्या नावाने बोटं मोडत गेली. मामांना त्याचं काही नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मुके चित्रपट चालू होते, बोलपट नुकते कुठे येऊ लागले होते. गावाच्या कडेला एक पत्र्याचं थिएटर होतं. दुपारी आत शिरलं की पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे बारीक दोरे खाली लोंबायचे, त्यांत विडीचा धूर हळूहळू वर चढायचा, पेटीवाला एकच सूर धरून डुलत बसायचा, आणि पडद्यावर कुठल्या तरी समुद्रात कुठली तरी गलबतं मुकाट्याने चाललेली असायची. मला तिथे नेहमी झोप आणि जाग यांच्या मधल्या जागी बसल्यासारखं वाटे. विलायती देवादिकांचे चित्रपट वर्षातून एखाद-दोन यायचे. ते आले की मामा ओटा बंद करून हजर. सोबत छिन्नी, हातोडी आणि पितळेच्या पत्र्याचा एक तुकडा. पडद्यावर गोष्टीत चूक दिसली की अंधारात त्या तुकड्यावर एक ठोका. टक्. लोकांना आधी राग यायचा, मग सवय झाली, आणि शेवटी तर तोच चित्रपटाचा निकाल झाला. बाहेर पडणाऱ्याला रांगेतले लोक विचारायचे, "किती ठोके?" पाचाच्या आत असले तर तिकीट काढायचे.

चुका तरी कसल्या काढाव्यात! केसांच्या जागी साप असलेल्या बाईचा चित्रपट आला होता. सगळं थिएटर श्वास धरून बसलं, पुढच्या बाकावरची पोरं रडायला लागली, आणि इकडे टक्. बाहेर आल्यावर म्हणाले, "डोक्यावर जिवंत साप असलेली बाई मान अशी ताठ धरील का? साधी घागर घेतली डोक्यावर तरी बायका जपून चालतात." एका डोळ्याच्या राक्षसाला त्यांनी तीन ठोके दिले. डोळा कपाळाच्या मधोमध हवा होता, तो जरा उजवीकडे बसला होता. पंखांच्या घोड्याला मात्र एकही नाही. "घोडा बरोबर आहे," म्हणाले, जसा काही त्यांनी तो पाद्र्याच्या अंगणात बांधलेला पाहिला होता.

थिएटरवाला मालेगावकडच्या विणकराच्या घरातला. तो मामांना पाहिलं की कपाळाला हात लावायचा. "मामा, तुमचं तिकीट माफ. पण ती हातोडी घरी ठेवून या ना!"

"मग पुस्तकाप्रमाणे आण."

"अहो, मी कुठे बनवतो? मी तर नुसतं दाखवतो!"

मामी या सगळ्यापासून लांब. तीस वर्षांच्या संसारात त्या एकदाही चित्रपटाला गेल्या नव्हत्या. "घरात दिवसभर टकटक ऐकते तेवढी पुरे," म्हणायच्या. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांनी खोकल्याने अंथरूण धरलं. डॉक्टर निघाला की मामा त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायचे आणि परत येताना फार वेळ लावायचे. आम्हाला काय ते समजलं. मामींनाही समजलं असणार, त्या काही भोळ्या नव्हत्या.

अशात तो वीणेवाल्याचा चित्रपट आला. बायको साप चावून मरते, आणि हा वीणा वाजवत पाताळात जाऊन ग्रीकांच्या यमाकडून तिला मागून आणतो. अट एवढीच, की वर येईपर्यंत याने पुढे चालायचं आणि मागून येणाऱ्या बायकोकडे वळून बघायचं नाही. गल्लीतल्या बायका बघून आल्या आणि पाणी भरताना तोच विषय. आपल्याकडे जिच्या नावाने वडाला दोरा गुंडाळतात ती बाई यमामागे गेली, आणि हा पुरुष असून तसाच गेला म्हणे! मामींनी ऐकलं आणि अंथरुणातून म्हणाल्या, "मला हा दाखवा."

 या गोष्टीचा शेवट मामांना माहीत होता. तो अगदी शेवटच्या पायरीवर वळून बघतो आणि बायको परत अंधारात जाते, कायमची. त्यांनी सांगून पाहिलं की चित्रपट भिकार आहे, बाकांना ढेकूण आहेत, थंडी बाधेल. मामी म्हणाल्या, "रविवारी दुपारी. सूनबाई येईल सोबत."

शनिवारी मामा थिएटरवाल्याकडे गेले. हे त्यानेच मला मागाहून सांगितलं. उभे राहिले, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "उद्या शेवटचं रीळ लावू नकोस."

त्याला वाटलं, मामांना ताप चढलाय. "मामा, गोष्टीला हात लावायचा नाही म्हणणारे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग?"

"मंडळी येणारेत उद्या. बरं नाही त्यांना." एवढं बोलून ते ओट्यावर जाऊन बसले. 

रविवारी मी मामींना टांग्यातून नेलं. मध्ये टांगलेल्या कनातीच्या या बाजूला आम्ही बायका, त्या बाजूला पुरुष. तासभर एकही ठोका नाही. लोक अंधारात माना वळवून मामा आलेत की नाही ते बघत होते. वीणेवाला पाताळात उतरला, धुक्यात उभ्या असलेल्या बायकोला घेऊन निघाला, पुढे तो, मागे ती. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. आणि पडदा पांढरा झाला. थिएटरवाला पुढे येऊन म्हणाला, "बस, खतम. दोघं घरी पोचली. चला."

असा गोंधळ झाला! ज्यांनी आधी पाहिला होता त्या बायका उठून उभ्या राहिल्या. "पोचली कसली? शेवट दाखव मेल्या!" कोणी बाक आपटले. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "अहो!" भर थिएटरात बाईने नवऱ्याला हाक मारायची, असं तेव्हा नव्हतं. सगळे गप्प झाले.

"अहो, त्याला म्हणावं लाव ते रीळ. तीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकतेय ही गोष्ट. मला काय शेवट माहीत नाही?"

 पलीकडून मामांचा खाकरण्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "लाव रे."

रीळ लागलं. तो वळला, ती गेली. बायका डोळे पुसायला लागल्या. मामी मात्र एवढंच म्हणाल्या, "बाईला सांगितलं असतं तर आणला असता तिने नवरा. पुरुषाला कुठला धीर!" आणि मग खोकल्या.

टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. पुढे चालायचं होतं. त्या काळी नवरा दहा पावलं पुढे आणि बायको मागे, अशीच रीत. मामा जन्मभर तसेच चालले, मागे कोण येतंय की नाही हे न बघता. त्या दिवशी चार पावलं गेले आणि थांबले. मागे मात्र बघेनात, मान ताठ.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"तू पुढे हो," मामा समोर बघतच म्हणाले.

"लोक हसतील."

"हसू देत. हो पुढे."

मामी त्यांच्या शेजारून पुढे गेल्या. मी त्यांचा दंड धरला होता. लोक हसलेच. पानवाला तर दुकानातून बाहेर येऊन हसला. ऊन उतरलं होतं, दोन्हीकडच्या चुलींचा धूर गल्लीत जमिनीलगत पसरला होता, आणि आम्ही फार सावकाश चाललो होतो, कारण मामींना दम लागत होता. दर चार पावलांनी त्या थांबायच्या आणि मागे वळून बघायच्या. मामा तिथेच असायचे, हात मागे बांधून. "येताय ना?" त्या विचारायच्या. "येतोय," मामा म्हणायचे.

संक्रांतीआधी मामी गेल्या. पण त्या गल्लीत मी मोजून सात वेळा त्यांना मागे वळताना पाहिलं, आणि साती वेळा माणूस जागेवर होता.