टोपी पडली तर खरं समजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. इथं नाव न देता लिहिता येतं म्हणून लिहितोय, आणि लिहून झालं की पुन्हा न वाचता पाठवून देणार आहे. वाचत बसलो तर खोडून टाकीन.

गेले काही दिवस इथं चर्चा चालली आहे, खरोखर घाबरवणारा भयपट कुठला याची. रोज वाचतो. कुणी बाहुलीचे सिनेमे सांगतं, कुणी आरशाचे, कुणी म्हणतं जुन्यांची सर नव्यांना नाही. माझा भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता. कसा असणार? गडहिंग्लजला एका टॉकीजचा मी मॅनेजर होतो. आमच्याकडं भुतं पत्र्याच्या डब्यातून एसटीनं यायची, आठवडाभर खेळ करायची आणि एसटीनंच परत जायची. डबे उतरवून घेताना त्यांच्यावर सही मीच करायचो. अशा माणसाला भीती कसली?

टॉकीजचं नाव लिहीत नाही. आता ते पाडून तिथं गाळे झालेत.

पंधरा वर्षं होत आली. त्या आठवड्याचा सिनेमा हिंदी होता, एका बंगल्यातल्या कपाटाचा. इतका टुकार की पहिल्या खेळाला लोक हसत होते. कपाटाचं दार उघडतं आणि आतून बाई येते, तिथं तर पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मालकांनी मला बोलावून विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, मामांना बसवू.

हे जरा समजावून सांगायला हवं. दिनकरमामा आमच्याकडं पोस्टर चिकटवायचे. जवळच्याच नेसरीचे. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं दांडगे, गावच्या नाटकात बरीच वर्षं कामं केलेली. भयपट लागला की आम्ही त्यांना प्रेक्षकात बसवायचो, मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्चीवर. ठरलेल्या सीनला ते किंकाळी फोडून आडवे व्हायचे. दोघे डोअरकीपर स्ट्रेचर घेऊन धावायचे, मामांना पुढच्या दारानं, पुढच्या खेळाच्या रांगेसमोरून न्यायचे आणि दारात उभ्या केलेल्या पांढऱ्या व्हॅनमध्ये घालायचे. व्हॅनवर लाल रेडियमचा क्रॉस मीच चिकटवला होता. व्हॅन भोंगा वाजवत रस्त्याला लागायची, वळसा घालून टॉकीजच्या मागच्या गेटला येऊन थांबायची. तिथं मामांसाठी चहा तयार असायचा. चहा पिऊन ते सायकलला खळीचा डबा अडकवून पोस्टर चिकटवायला जायचे.

मामा पडले की पिक्चर बदलायचा, हे मी खरंच सांगतो. तोच टुकार सिनेमा, पण त्यानंतर कुणी शिट्टी मारायचं नाही. बायका पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. तेव्हा मला कळलं की भीती पडद्यावरनं येत नाही, शेजारच्या खुर्चीवरनं येते. तुमच्या चर्चेत हे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

मामांची एक ख्याती होती. ते कसेही पडले तरी डोक्यावरची पांढरी टोपी पडायची नाही. मान अशी काही धरायचे की स्ट्रेचरवर उताणे असतानाही टोपी जागच्या जागी. त्यांचं डोकं मोठं, बाजारातली टोपी बसायची नाही. म्हणून त्यांच्या बायकोनं, तिला सगळे आक्का म्हणायचे, टोपीची मागची शिवण उसवून दोन बोटं रुंदीची पट्टी जोडली होती, स्वतःच्या जुन्या झंपरची. हिरवी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. ती पट्टी कायम मागं. त्यावरून पोरं त्यांची चेष्टा करायची, मामा, मामीला डोक्यावर घेऊन हिंडताय व्हय? ते म्हणायचे, तुमची खांद्यावर बसलीया, त्यापरीस बरं.

कपाटाच्या सिनेमाला बसायच्या आधी ते माझ्या केबिनमध्ये आले. उभ्या उभ्याच बोलले.

"म्यानेजर, येक इचारू? उद्या मला खरंच कायतरी झालं तर तुमास्नी कसं कळायचं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तसं न्हवं. म्या वरडलो तरी तुमी म्हणणार मामा झ्याक करतोय. म्हणून सांगून ठेवतो. माजी टोपी कवा पडत न्हाय. टोपी पडली तर खरं समजा."

बरं म्हटलं. त्यांनी माझ्याकडनं दोनदा वदवून घेतलं.

तीन दिवस उत्तम गेले. चौथ्या दिवशी, रविवारी, तीनच्या खेळाला मी एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला बोलावलं होतं. 'भयपट पाहताना प्रेक्षक बेशुद्ध' अशी बातमी आली असती तर आणखी आठवडा निघाला असता. बाहेर सहाच्या खेळाची रांग आधीच लागली होती. आत सोडताना डोअरकीपर मामांना म्हणाला होता, "मामा, आज जरा दमानं मरा, माजा च्या ऱ्हायलाय." मामांनी नुसता हात हलवला. एरवी त्यांनी उलट टोला दिला असता. हे आठवतं, म्हणजे मी तेव्हाही ते पाहिलंच होतं.

मी टॉर्च घेऊन मागं उभा होतो. कपाटाचा सीन यायला अजून दहा-बारा मिनिटं होती. मामा ओरडले नाहीत. नुसते खुर्चीवरून घसरले आणि वाटेत आले. मी टॉर्च मारला. प्रकाशाच्या गोलात आधी टोपीच दिसली. मामांपासून हातभर लांब, उपडी पडलेली.

इथं मला असं लिहायला आवडलं असतं की माझा गोंधळ झाला, अंधारात नीट दिसलं नाही. तसं काही नव्हतं. मी जवळ गेलो, त्यांच्या मनगटाला हात लावला. घामानं गार पडलं होतं. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते टोपीकडं बघत होते, मग माझ्याकडं. मला कळलं. डोअरकीपर स्ट्रेचर घेऊन येतच होते. मी टोपी उचलली आणि मामांच्या डोक्यावर घातली.

का घातली? बाहेर फोटोग्राफर उभा होता. टोपीशिवाय फोटो बरा दिसला नसता... आणि टोपी डोक्यावर आहे म्हटल्यावर सगळं नेहमीसारखंच चाललंय असं मला स्वतःलाही म्हणता येत होतं. पाच मिनिटांत हॉस्पिटल, असं मनात धरलं होतं. मग दारात फोटोग्राफरनं आणखी एक घेतो म्हणून स्ट्रेचर थांबवलं, आणि मी थांबू दिलं. व्हॅन सुटताना ड्रायव्हरला हॉस्पिटल एवढा एक शब्द सांगायचा होता. रांगेतली माणसं ऐकत होती. तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीवर ढकलाढकली झाली आणि मी तिकडं वळलो.

ड्रायव्हरनं रोजच्यासारखा वळसा घातला आणि व्हॅन मागच्या गेटला लावली. कुणीतरी मामांच्या उशाशी चहाचा कप ठेवला. चहावर साय धरली तरी मामा उठेनात, तेव्हा ड्रायव्हर मला शोधत आला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? मी म्हटलं, आत्ताच.

बातमी दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आली. तिसऱ्या दिवशी नेसरीला मामांचं रक्षाविसर्जन होतं. आक्कांनी मला सोप्यात बोलावलं. हातात ते कात्रण होतं. मामांनी टोपीचं घरीही सांगून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"टोपी डोस्क्यावरच हाय की," आक्का फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "मग तुमास्नी कसं कळणार? तुमचा काय दोष न्हाय."

मी मान हलवली.

आक्कांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पट्टी म्होरं कशी आली, तेवढंच कळंना."

फोटोत हिरवी पट्टी मामांच्या कपाळावर होती. मी घाईत टोपी उलटी घातली होती.

सोबत आलेल्या माझ्या चुलत्याला मोटरसायकल काढायला सांगून निघालो. त्यानंतर नेसरीला पाऊल ठेवलं नाही. टॉकीजची नोकरी दोन महिन्यांत सोडली, कोल्हापूरला आलो, एका मंगल कार्यालयात लागलो. अजून तिथंच आहे. भयपट बघितला नाही.

आता गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुलीला सुट्टी होती. एक नवा सिनेमा लागला होता, तिच्या मैत्रिणींच्या मते आजवरचा सगळ्यात भयानक. पप्पा तुम्ही टॉकीजवाले आणि भयपटाला घाबरता, म्हणून तिनं पिच्छाच पुरवला. दुपारचा खेळ, मल्टिप्लेक्स. अर्धं थिएटर रिकामं. आमच्या मागच्या दोन्ही रांगांत कुणी नव्हतं. मी कडेच्या खुर्चीवर, पायऱ्यांशेजारी.

सिनेमा ठीक होता. भयानक काही नव्हतं. पोरं मक्याच्या लाह्या खात होती, फोन बघत होती. मध्यंतराच्या थोडं आधी माझ्या बुटाला काहीतरी लागलं. हलकं, कागदासारखं. मी वाकून उचललं तर हाताला कापड आलं, आणि ते कोमट होतं. आत्ताच कुणाच्या तरी डोक्यावरून उतरल्यासारखं. खळीचा वास आला. मैद्याची खळ, त्यात मोरचूद. पोस्टर कसर खाऊ नये म्हणून घालतात, तो वास दुसऱ्या कशाला येत नाही.

मुलीनं मोबाईलचा उजेड पाडला. "पप्पा, कुणाची टोपी हो?"

पांढरी टोपी. मागं दोन बोटं रुंद हिरवी पट्टी, पांढऱ्या ठिपक्यांची.

मी मध्यंतरात उठलो. दारावरच्या मुलाच्या हातात टोपी देऊन विचारलं, आज कुणी टोपीवाला म्हातारा आला होता का? सकाळपासून तोच दारावर होता. तो म्हणाला, "न्हाय ओ पावणं. टोपीवालं कोण येतंय हितं?" सकाळच्या खेळानंतर झाडलोट झाली होती, तेही त्यानंच सांगितलं. मग टोपी मला परत देत म्हणाला, तुमचीच असंल, तुमच्याच सीटखाली हुती न्हवं.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. कुणाची तरी तशीच टोपी असेल. मोठ्या डोक्याची माणसं जगात कमी नाहीत, हिरवे झंपरही कमी नाहीत. पण मामांची टोपी त्यांच्यासोबतच गेली. आक्कांनीच सांगितलं होतं, नवी नको, हीच राहू दे. सरणावर त्यांच्या डोक्यावर ती मी पाहिली आहे, पट्टी पुढं. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मला हात लावायचं धाडस झालं नाही. ती जळताना मी तिथं उभा होतो.

ती आता माझ्या कपाटात आहे. मुलीनं स्वतः पाहिली आहे, त्यामुळं भास म्हणता येत नाही. खळीचा वास अजून येतो. बायकोनं दोनदा धुतली, तरी येतो. ती विचारते, कुणाची ठेवली आहे? मी म्हणतो, थिएटरात कुणीतरी विसरलंय.

गेल्या महिन्यात टोपी पिशवीत घालून स्टँडवर गेलो. गडहिंग्लजच्या गाडीत बसलोही. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा नेसरी हे नाव तोंडातून निघेना. उतरलो आणि घरी आलो.

याचा उलगडा मला होत नाही. तुमच्यापैकी कुणी केलात तरी मला त्याचा फारसा उपयोग नाही. आक्का अजून नेसरीत आहेत, सत्तरीच्या आसपास. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती. टोपी पडली होती, मी पाहिली होती, आणि पट्टी पुढं माझ्या हातानं आली. एवढं उत्तर मला त्यांना अजून द्यायचं आहे.