शिवेबाहेरचं गाऱ्हाणं

“बा देवा म्हाराजा!” मी गरजलो आणि देवळाची चार कौलं सरकली. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे तो या आवाजामुळेच. मी नुसता खोकलो तरी नाटे बंदरातल्या होड्या वळून बघतात. देवापुढे हंगामातली पहिली आंब्याची पेटी होती. पाऊस, पीक, मुंबईचे चाकरमानी, सगळ्यांचं सांगून झालं. दर वाक्याला गाव “व्हय म्हाराजा!” करत होता. मग मी मध्येच घुसडलं, “आणि आमच्या बागेतल्या गुरख्याचा भाऊ तिकडे नेपाळात राजाच्या शिपायांनी उचलून बराकीत नेलाय, त्याला सोडवून आण!”

“व्हय” कोणी म्हणेना.

“काय रं, शुद्धीत हायस ना?” माझा चुलता ओरडला. “आपल्या देवाची शीव वहाळापर्यंत. पलीकडच्या वाडीची म्हस हरवली तरी तो बघत नाय, आणि तू त्याला नेपाळात धाडतोस?”

गुरखा खांबाला टेकून उभा होता. आमची कलमं राखायला लागून त्याला इतकी वर्षं झाली होती की गावचं बोलणं तो माझ्यापेक्षा ठसक्यात बोले. त्यानं पत्र्याचा डबा बडवून आरोळी दिली की वानरं थेट दाभोळला पोचत आणि खाडी पोहून पलीकडे जात. विश्वास नसेल तर वानरांना विचारा. त्या वर्षी मात्र त्याच्या आरोळीत जीव नव्हता. त्याच्या देशात राजाला काढून लोकांचं राज्य येणार होतं, मतदान तोंडावर होतं, आणि हा जमेल तेव्हा कातळावरच्या एकाच धोंड्यावर जाऊन उभा राही, कारण फोनला रेंज तिथेच. राजा गेला की बराकी उघडतील, भाऊ येईल. एवढंच त्याचं राजकारण.

चुलता बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला. “हा ऱ्हातो कुठं? आपल्याच शिवेत ना? मंग देवाला भायेर जायला सांगू नको. भावाला आत आण म्हणावं.”

तसं सांगितलं. या खेपेच्या “व्हय म्हाराजा!”त सगळ्यांवर आवाज गुरख्याचा.

दुसऱ्याच दिवशी तो झावळ्या विणायला बसला. एका माणसाची खोपी त्यानं दोघांची केली, आत दुसरी बाज ठोकली.

“आखूड झाली रे,” मी म्हटलं. “पाय बाहेर येतील त्याचे.”

“नाय येणार. तो माझ्यापेक्षा बुटका हाय.”

मी बाजेची दोरी ओढून धरली.

हंगाम संपता संपता राजा गेला. मी पेढे असे वाटले, जणू राजवाड्याची किल्ली माझ्याच खिशात. चुलत्याला घेऊन कातळावर गेलो तेव्हा गुरखा फोनमध्ये ओरडत होता. मग नुसता ऐकत राहिला. मग खाली उतरून त्यानं सांगितलं.

नेलेल्यांतले काही घरी परतले होते, त्याचा भाऊ नाही. म्हातारी आई बराकीच्या फाटकापर्यंत चालत गेली होती. असा माणूस इथे कधी आणलाच नव्हता, असं सांगून तिला माघारी धाडलं.

गुरख्यानं दुसरी बाज खोपीबाहेर ओढली आणि तिच्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचायला लागला. पेढ्याचा पुडा माझ्या हातातच राहिला.

“पण राजा गेला ना रं?” चुलता म्हणाला. “मंग तिला असं सांगितलं कुणी?”

“ज्यानं नेला होता, त्याच शिपायानं.”