विरजणाची वाटी

आमच्या गल्लीतल्या शेळ्यावाल्या मावशींचं एक मला कधी कळत नसे. घरात दुधादह्याला तोटा नाही, तरी गल्लीत कुणी नवं राहायला आलं की या बाई विरजण मागायला नेमक्या त्याच दारात उभ्या!

मध्यंतरी शहागंजमागं रस्ता रुंद करताना घर गेलेलं एक कुटुंब आमच्या गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीत आलं. आम्ही चादरी, जुने कपडे नेऊन दिले. त्या घरच्या बाईनं मान खाली घालून ते घेतले आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या. "काय गं, जरा विरजण हाय का?"

बाई चमकली, मग लगबगीनं आत गेली. टेम्पोत मांडीवर सांभाळून आणलेल्या गाडग्यातलं वाटीभर दही तिनं दिलं. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मावशींनी ती वाटी आणून माझ्या ओट्यावर ठेवली. "दही खा. वाटी राहू दे तुझ्याकडंच."

"अहो, पण तुमच्याकडं दही असतं की!"

"असतंय ना. मी इथं नवी आले तवा मला बी कुणीतरी असंच मागितलं व्हतं."

दोन दिवसांनी ती बाई माझ्या दारात. "ताई, आमची वाटी तुमच्याकडं हाय, मावशी म्हणल्या." आवाजात चक्क हक्क होता.

वाटी घासून ठेवलेली होती, पण रिकामी कशी परत द्यायची? "आत या, बसा. थालीपीठ लावते," मी म्हणाले.

समोर मावशी शेळीला पाला घालत होत्या. इकडं मुद्दाम बघत नव्हत्या.