लाडवांचा डिंक

"स्वल्प थांब रे. पाण्याला त्याचं काम करू दे," असं म्हणून अक्का दोन्ही हात पदरात गुंडाळायच्या आणि ट्रेमधल्या कागदाकडे बघत उभ्या राहायच्या.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलो आणि इंदिरानगरात त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. अक्का निवृत्त चित्रकला-शिक्षिका. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठीत कानडी इतकं मुरलेलं की सुरुवातीला मला निम्मंच कळे. गच्चीवर त्या हाताने फोटो छापत. डिंकात रंग आणि रसायन कालवायचं, कागदावर फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथे रंग पक्का बसतो, बाकीचा पाण्यात सुटतो.

तुम्हाला वाटेल, म्हातारपणचा चाळा. पण फोटो एकच होता, त्यांच्या मुलीचा. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. यायच्या आधीच गेली.

डोळे, केस नीट उमटत, पण गालांवरची पुसट छटा धुऊन जाई आणि तिथे कोरा कागद उरे. म्हणून अक्कांनी डिंकाऐवजी जिलेटिन वापरून पाहिलं. ते गार झालं की ब्रशलाच धरून बसे. मग दुधातलं केसीन. दूध नासलं की बाकीच्या बायका चुकचुकतात, अक्कांचा चेहरा खुले. मी खाली डोकावलो की म्हणत, "चहा इल्ला, अप्पा. आजचं दूध कागदाचं."

केसीनमध्ये एकदाचे गाल आले. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. अक्का बराच वेळ बघत राहिल्या. "सरी, ठीक आहे," म्हणाल्या आणि आतून एक बरणी घेऊन आल्या. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेला डिंक तिच्यात तसाच होता.

तो भिजवून, गाळून त्यांनी पुन्हा फोटो छापला. गाल पुन्हा वाहून गेले. मला राहवेना. "अक्का, दुधाचाच चांगला आलाय हो."

"आलाय की. तो तू ठेव. हा डिंक मी तिच्यासाठी आणलेला. तिलाच लागू दे."

मी दुधाचा फोटो माडीवर माझ्या खोलीत नेला.

काही वर्षांनी अक्का गेल्या, तेव्हा डिंकाचा तो फोटो त्यांच्या उशाशी होता. मी जवळ घेऊन पाहिला. कोऱ्या गालांवर आता पुसट छटा आली होती, रोज बोटं फिरवून फिरवून आलेली.