खुर्चीत बसलेली गैरहजर बाई

ऑफिसात तिला सगळे 'आडकाठी' म्हणायचे आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. कामच ते! इतरांनी बनवलेलं ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी हिने ठोकून बघायचं, हिने होकार दिला तरच ते पुढे सरकायचं. पूर्वी ती एका तक्रार-कक्षात फोन उचलायची. पलीकडचं माणूस हुंदके देत असताना आपल्याकडचं यंत्र किती शहाणं आहे हे सांगण्यात अर्थ नसतो, एवढं तिथे चांगलंच डोक्यात बसलेलं. आई म्हणायची, "ही लहानपणी छत्री घ्यायला गेली की दहा वेळा उघडून मिटून बघायची. दुकानदार हिला बघूनच शटर ओढायचा."

या खेपेचं ॲप होतं डायलिसिसच्या रुग्णांसाठी. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांना रक्त साफ करून घ्यायला सारखं केंद्रात जावं लागतं, त्यांना ने-आण करणारी गाडी या ॲपवरून यायची. गाडी दाराशी आली की फोन वाजणार, मग पडद्यावरची पट्टी बोटाने सरकवायची, म्हणजे गाडी थांबणार. नाही सरकवली तर गाडी निघून जाणार आणि नावापुढे शिक्का, 'गैरहजर'. एका केंद्रात ते चाचणीसाठी सुरू होतं आणि तिथे गैरहजरांची नुसती रांग लागली होती.

ऑफिसने यातून काय निष्कर्ष काढावा? की रुग्ण बेफिकीर आहेत! प्रमुखांनी फर्मान काढलं: थांबायचा वेळ कमी करा, आणि जो वारंवार गैरहजर राहील त्याची गाडी कायमची बंद. आता बोला!

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात कंपनीने सहानुभूतीचा वर्ग ठेवला. धूसर काचांचे चष्मे आणि जाड हातमोजे घालून सगळे फोन चालवायला बसले, खिदळले, एकमेकांचे फोटो काढले. भिंतीवर एक हसरे आजोबा लावलेले होते. खरे नव्हेत हं! वय, स्वभाव, बागकामाची हौस, सगळं यांनीच मीटिंगमध्ये बसून ठरवलेलं. काही अडलं की विचारायचं, "आजोबांना हे आवडेल का?" आणि उत्तरही आपणच द्यायचं. आजोबांना सगळंच आवडायचं. कागदावरचा माणूस कशाला नाही म्हणेल?

आडकाठीने वर्गाला सरळ दांडी मारली आणि केंद्रात जाऊन बसली.

तिथे एक शिलाईवाल्या बाई होत्या. जन्म मशीनवर गेला, बोटं अजून झरझर चालतात. "पोरी, माझी गाडी दर वेळी मला टाकून जाते गं," त्या म्हणाल्या. "मी काय पाप केलंय?" तेवढ्यात त्यांचं डायलिसिस संपलं. परिचारिकेने डाव्या दंडातली सुई काढली, कापूस ठेवला, उजव्या हाताने घट्ट दाबून धरायला सांगितलं आणि ती शेजारच्या खुर्चीकडे वळली. सोडलं की रक्ताची धार. आणि नेमका तेव्हाच परतीच्या गाडीसाठी टेबलावरचा फोन वाजायला लागला! एक हात जायबंदी, दुसरा त्याच्यावर दाबलेला. बाई फोनकडे बघत राहिल्या. आडकाठी उठेपर्यंत फोन गप्प झाला होता आणि पडद्यावर आलं होतं: 'आपण उपस्थित नव्हता.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंना तिने स्वतः घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी नव्या नियमांसह ॲप सगळ्या केंद्रांत जायचं होतं. होकाराचं बटण तेवढं बाकी होतं.

"नाही दाबणार," ती म्हणाली.

प्रमुखांनी चष्मा काढला. "तपासनीसांचं प्रमुखपद तुम्हाला द्यायचं आमच्या मनात आहे. कशाला पायावर धोंडा पाडून घेता? घरी कुणाला हा आजार आहे का? तसं असेल तर समजू शकतो मी."

"कुणालाही नाही," ती उसळली. "आपल्या घरात कुणी झिजल्याशिवाय दुसऱ्याचं दुखणं कळू नये, असा नियम आहे का सर?"

प्रमुखांनी सगळ्यांसमोर तिथल्या तिथे तिचा होकाराचा अधिकार काढला आणि पट्टी बनवणाऱ्या डिझायनरला दिला. "दाब रे तू."

डिझायनर बिचारा मनाने वाईट नव्हता. त्याचा त्या पट्टीवर भारी जीव. तो पुढे झाला, तशी आडकाठीने त्याच्या डाव्या दंडावर कापसाचा बोळा ठेवला. "दाबून धर. सोडलंस तर रक्त वाहील. आता तुझी गाडी आली."

तिने चाचणीचा फोन वाजवला. त्याने आधी हनुवटीने प्रयत्न केला, मग नाकाने. फोन घसरत गेला, लोक फिदीफिदी हसले. हसू विरलं तेव्हा पडद्यावर आलं: 'आपण उपस्थित नव्हता.'

"अरे, मी इथेच आहे ना!" तो ओरडला.

त्याने आपल्याच पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर, मी नाही दाबणार. चुकलंय माझं."

"मग मीच दाबतो!" प्रमुखांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"खुशाल दाबा," आडकाठी म्हणाली. नोकरी गेल्यातच जमा होती, पण आवाज खणखणीत होता. तिने आपल्या फोनवरून नंबर लावला आणि तो त्यांच्यासमोर धरला. "शिलाईवाल्या बाई आहेत. त्यांची गाडी बंद होणार, ते तुम्हीच सांगा. आणि त्या तिथे नव्हत्या, हेही तुमच्याच तोंडाने सांगा."

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "कोण बोलतंय?"

प्रमुखांनी फोन घेतला. "हॅलो, मी ऐकतेय हो," बाई पुन्हा म्हणाल्या, "मी इथेच आहे."

प्रमुखांनी दुसऱ्या हाताने हळूच लॅपटॉप मिटला.